एकोणतिसावा पारा

आपा कुणाला नावाने हाक मारत नसत. ज्या मुलीचा जो पारा चालू असेल तेच तिचं नाव. कुराणाचे तीस भाग असतात, त्यांना पारे म्हणतात, आणि आपा ते आम्हा मुलींकडून पाठ करून घ्यायच्या. "सातवा पारा, दार लाव गो, कोंबडी आत येते." "बारावा पारा आज आली नाय का? ताप हाय? मंग तू जाताना तिच्याकडे डोकावून जा." तारापूरच्या आमच्या गल्लीत नवा माणूस आला तर त्याला कळायचंच नाही, या बाई पोरींशी बोलतायत की पुस्तकाशी. पारा पाठ होऊन पुढचा सुरू झाला की नाव बदलायचं. त्या दिवशी मुली उड्या मारत घरी जायच्या आणि आईला सांगायच्या, "आजपासून मी नववा."

मी मात्र वर्षानुवर्षं एकोणतिसावा पारा होते. माझ्यामागून आलेल्या मुली माझ्या पुढे गेल्या, त्यांचं लग्न झालं, त्यांची पोरं ओट्यावर रांगायला लागली, तरी मी एकोणतिसावाच. त्याला कारण आपा होत्या. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी झाले त्यालाही कारण आपाच होत्या, आणि या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. आपा आता नाहीत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आम्ही मूळचे परभणीकडचे. अब्बा कामासाठी इकडे आले, रंगाच्या कारखान्यात लागले. बोईसरला भाडं परवडेना म्हणून तारापूर गावात खोली घेतली. घरात आम्ही दखनी बोलायचो, अब्बांच्या कारखान्यात हिंदी, गल्लीत कोकणी मुसलमानांची मराठी आणि माझ्या शाळेत पुस्तकातली मराठी. अब्बांना त्यांच्या मोठ्या भावाने वाढवलं होतं. आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणायचो. त्यांचा शब्द आमच्या घरात शेवटचा असायचा. अब्बांनी त्यांना कधी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. फोनवर बोलतानासुद्धा अब्बा उभे राहून बोलायचे.

घराण्यात एक तरी हाफिज व्हावा, म्हणजे सगळं कुराण ज्याला तोंडपाठ आहे असं कुणीतरी असावं, अशी बडे अब्बांची फार इच्छा. अब्बांना मी एकटीच. म्हणून पाचवीत असताना मला आपांच्या ओट्यावर आणून बसवलं. शाळेबद्दल बडे अब्बांनी सांगून ठेवलं होतं, "हिफ्ज पूरा होने तक पढ़ने दो. फिर बस." मी सातवीत गेले तेव्हा त्यांच्या ओळखीतल्या एका घराने 'आम्हाला हाफिजा सून हवी' असं म्हटलं. आधी ते थट्टेत होतं. पुढे थट्टा राहिली नाही. माणसं वाईट नव्हती, मुलगाही वाईट नसावा. पण ज्या दिवशी माझं पाठांतर संपेल त्या दिवशी माझी शाळा संपेल, हे घरात सगळ्यांना ठाऊक झालं. आपांनाही.

आपांचे वडील मशिदीत इमाम होते. त्यांनीच मुलीकडून सगळं पाठ करून घेतलं. शाळा मात्र सातवीलाच सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे चिंचणीला होती आणि पूल ओलांडून मुलगी रोज कशी जाणार, असं घरात ठरलं. नवरा जहाजावर होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. शाळेबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "मना भूगोल आवडायचा." मधेच, कुणी काही विचारलेलं नसताना, विचारायच्या, "ती ब्रह्मपुत्रा मंग कुठून वळते गो?" तो धडा त्यांच्या वर्गात अर्धा झाला होता तेव्हा त्यांची शाळा सुटली होती. आम्ही त्यांना नदी पूर्ण करून सांगायचो. सहा महिन्यांनी त्या पुन्हा विचारायच्या. त्या विसरत होत्या असं मला वाटत नाही. त्यांना ते ऐकायला आवडायचं.

हिफ्ज करायचं तर दोन-तीन वर्षं शाळा सोडावी लागते, असं सगळीकडे मानतात. आपा मानत नसत. पहाटेच्या नमाजानंतर ओट्यावर यायचं, नवा पाठ म्हणजे सबक द्यायचा, तिथूनच शाळेत जायचं आणि संध्याकाळी मागच्याची उजळणी. त्यांचा नियम एकच होता, "शाळा बुडवली त्या दिवशी सबक नाय." कुणाची आई म्हणायची, "आपा, आज पावनं आलेत, शाळेत नाय पाठवली, पण तुमच्याकडे पाठवते." आपा दारातूनच परतवायच्या. "पावनं माझ्याकडे नाय आले. पोरगीला पण नको पाठवू."

त्यांची ऐकण्याची रीत अशी होती की तशी मी पुन्हा कुठे पाहिली नाही. मांडीवर तांदळाचं सूप घेऊन बसायच्या आणि खडे निवडत ऐकायच्या. गल्लीतल्या सगळ्या घरांचा तांदूळ त्यांच्याकडे यायचा. पुढे पाकिटातला स्वच्छ तांदूळ मिळायला लागला तरी बायका सवयीने आणून द्यायच्या, आणि आपा त्यातलेही खडे शोधत बसायच्या. आपण म्हणत जायचं, त्यांची बोटं चालत राहायची. चूक झाली की बोटं थांबायची. बस. ओरडणं नाही, मारणं नाही, चूक कुठे झाली तेही सांगणं नाही. आपण मागे जायचं, चूक शोधायची, सुधारायची. बोटं पुन्हा चालू झाली की समजायचं, सापडली. एकदा एक मौलाना म्हणाले, "कुराण ऐकताना हातात काम नसावं." आपा म्हणाल्या, "कान मी दिलेत पोरींना. हात अल्लानेच दिलेत, ते का रिकामे ठेवू?" मौलाना हसले आणि जाताना त्यांच्या घरचाही तांदूळ पाठवतो म्हणाले.

शाळेचा अभ्यासही त्या असाच ऐकायच्या. पुस्तक हातात घ्यायच्या, मराठी त्यांना नीट वाचता यायचं, आणि म्हणायच्या, "हं, म्हण." इतिहास, विज्ञान, नागरिकशास्त्र, सगळं आम्ही सुपासमोर बसून घडाघडा म्हणायचो. काही गाळलेलं चालायचं नाही. 'आकृती तीन पॉइंट पाच पाहा' हेही म्हणावं लागायचं. ते म्हटलं नाही तर बोटं थांबायची. आठवीपर्यंत या रीतीने आम्हा पोरींना छान गुण पडले. गुरुजी म्हणायचे, आपाच्या पोरींची स्मरणशक्ती काय आहे!

नववीत भूमिती आली आणि मी पडले.

धडा त्रिकोणाच्या बाहेरच्या कोनाचा होता. बाहेरचा कोन आतल्या दोन लांबच्या कोनांच्या बेरजेइतका असतो, हे सिद्ध करायचं. पुस्तकात त्रिकोणाचं नाव पीक्यूआर होतं. मी ते प्रमेय पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आपांना म्हणून दाखवलं, बोटं एकदाही थांबली नाहीत. परीक्षेत त्रिकोण आला एक्सवायझेड, तोही उलटा काढलेला. मी पान भरून पीक्यूआरचीच सिद्धता लिहिली. शेवटी 'आकृती पाहा' असंही लिहिलं. बाकीच्या प्रमेयांचीही तीच गत. गणिताच्या बाई साताऱ्याकडच्या होत्या, त्यांचे मिस्टर अणुवीज केंद्रात नोकरीला. त्यांनी माझा पेपर वर्गासमोर नाही, बाजूला घेऊन दाखवला.

"यात पी कुठंय, दाखव मला."

मी आकृतीत पी शोधायला लागले. खरंच शोधायला लागले. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, तू लिहिलंयस ते सगळं बरोबर आहे. पण ते या त्रिकोणाबद्दल नाही!"

घरी गणितातले गुण कळले. ते बडे अब्बांपर्यंत पोहोचले. फोन आला, अब्बा उभे राहिले, "हौ भाईजान, हौ," म्हणत राहिले आणि फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाईजान बोल रहे, दोनों काम एक साथ नहीं होते. स्कूल छुड़ा दो, हिफ्ज जल्दी हो जाएगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रडत ओट्यावर गेले. आपांनी सगळं ऐकलं आणि अब्बांना निरोप पाठवला: शाळा बुडवली त्या दिवशी सबक नाही, कायमची बुडवली तर कायमचा नाही. मग बुरखा चढवला, छत्री घेतली आणि पूल ओलांडून चिंचणीला माझ्या शाळेत आल्या. शिपायाने विचारलं, "कोणाचे पालक?"

"पालक नाय रे. मास्तरीण हाय मी."

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाईंसमोर त्या उभ्या राहिल्या. मी दाराशी होते.

"बाई, ही पोरगी नापास नाय झाली, मी झाले. मीच पाठ करून घेतलं हिच्याकडून. आता मना शिकवा, हे काय हाय ते."

बाई गडबडल्या. "काकू, बसा आधी."

त्यांनी कागदावर त्रिकोण काढला. पी, क्यू, आर लिहिलं. समजावलं. मग ती अक्षरं खोडून तिथे दुसरी लिहिली आणि पुन्हा तेच समजावलं. आपा बघत राहिल्या.

"म्हणजे पी नसला तरी चालतं?"

"काहीही असलं तरी चालतं, काकू. नावं आपण दिलेली असतात."

"आणि हा त्रिकोण उलटा केला तर?"

"करा की."

आपांनी कागद उलटा केला. बराच वेळ बघितला. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे अक्षराचा एक नुक्ता, एवढासा ठिपका, इकडचा तिकडे झाला तर गुन्हा हाय, बाई. अख्खं आयुष्य मी पोरींना तेच शिकवलं, काय पण हलवू नका."

"आमच्याकडं सगळं हलवा," बाई म्हणाल्या. "जे हलवूनही हलत नाही, तेवढंच खरं."

आपा एकदम हसल्या. त्यांचं ते हसणं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. लहान मुलीसारखं तोंडावर हात धरून हसल्या. "मंग दोन्ही शिकायला पायजे गो," त्या मला म्हणाल्या. "एक काय पण न हलवता, एक सगळं हलवून."

जाताना बाईंनी विचारलं, "शाळा सोडवतायत का हिची?" आपांनी होकारार्थी मान हलवली. बाई म्हणाल्या, "आमच्या गावाकडं कुराण नाही, काकू, पण कारणं हीच असतात. मी मैत्रिणींमधली एकटीच शिकले." त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली. बाई कधीमधी शनिवारी ओट्यावर यायच्या आणि आपा त्यांना सांदणं बांधून द्यायच्या.

घरी येऊन आपांनी भूमितीची रीत बदलली. आता त्रिकोणाला रोज नवं नाव. "आज सुरमई, पापलेट आणि घोळ." मी म्हणायची, "त्रिकोण सुरमई-पापलेट-घोळमध्ये..." आणि बाकीच्या मुली सुपापलीकडे लोळण घेऊन हसायच्या. आपा गंभीर. "हसू नका. पापलेटचा कोन सांग." पुढच्या दिवशी मशीद, मासळीबाजार आणि आमची गल्ली. त्यानंतर तीन मावश्यांची नावं, आणि त्यातली मधली मावशी रागावलेली, म्हणून तिचा कोन मोठा. पाठ करून काही उपयोगच नव्हता, कारण आपा काय नाव देतील त्याचा नेम नसे. वार्षिक परीक्षेत मी गणितात पास झाले, चांगली पास झाले. अब्बांनी गुण सांगायला परभणीला फोन लावला. शाळेचा विषय तेवढ्यापुरता मागे पडला.

दहावी झाली. अकरावीत विज्ञान घेतलं. हिफ्जही पुढे सरकत होतं. आमच्याकडे आधी तिसावा पारा पाठ करतात, त्यात लहान लहान सूरा म्हणजे अध्याय असतात म्हणून, आणि मग पहिल्यापासून पुढे जातात. त्यामुळे सगळ्यात शेवटी एकोणतिसावा उरतो. तो सुरू झाला तेव्हा मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. वीस पानांचा पारा. मनावर घेतलं असतं तर काही आठवड्यांत झाला असता.

पण आपा नवा सबक द्यायला तयारच होईनात. "सबक नंतर. आधी पाचवा ऐकव." पाचव्यात कुठेतरी एक जागा कच्ची निघायची. मग आठवडाभर पाचवा. "आता चौदावा." चौदाव्यातही काहीतरी निघायचं. आपा खोटं कधी बोलल्या नाहीत. चूक नसताना चूक काढली नाही. पण शोधायला गेलं तर इतक्या मोठ्या पाठांतरात कच्ची जागा कुणाची निघत नाही? एखाद्या महिन्यात सगळं सुरळीत गेलं की एकोणतिसाव्याच्या चार ओळी मिळायच्या, आणि पुन्हा मागे.

इतर मुलींचं हिफ्ज पूर्ण व्हायचं. त्यांना हार घातले जायचे, मिठाई वाटली जायची, मी सरबताचे पेले फिरवायची. बायका विचारायच्या, "काय गो, तुझा कधी?" मलाही राग यायचा. एकदा मी आपांना सरळ विचारलं, "माझं कधी होणार?"

"घाई काय हाय? रसायनशास्त्राचा पेपर कधी हाय ते सांग."

बारावीचा निकाल लागला आणि बडे अब्बा स्वतः तारापूरला आले. त्या घरच्या लोकांना आता उत्तर हवं होतं. अब्बा त्यांना घेऊन आपांच्या ओट्यावर आले. मी आत होते. आपांनी मला बाहेर बोलावून बसवलं.

"आपा, सुना है बच्ची कब से एक ही पारे पे बैठी है," बडे अब्बा म्हणाले.

"बसली नाय भाईसाब, रोज उभी हाय. पाणी घ्या."

"कितना बाकी है?"

"सबक थोडा बाकी हाय. पण सबक म्हणजे हिफ्ज नाय. झालंय ते पक्कं पायजे. तुमीच ऐका की." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नववा पारा. मूसा अलैहिस्सलाम फिरऔनच्या दरबारात जातात, तिथून म्हण."

 मूसा पैगंबर, फिरऔन राजा आणि त्याच्या जादूगारांची ती गोष्ट कुराणात एकाहून जास्त ठिकाणी येते, आणि शब्द जवळजवळ तेच. पुस्तक बघून वाचणाऱ्याला काहीच अडचण नाही. पण जो मनातून म्हणत जातो तो एका वळणावर, स्वतःला पत्ताही न लागता, दुसऱ्याच रस्त्याला लागतो. ही चूक फक्त पाठ करणाऱ्यांचीच. मी त्या वळणावर नेहमी घसरायची. आपांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

बडे अब्बांनी कुराण उघडून बोट ठेवलं. मी डोळे मिटून सुरू केलं. आवाज चांगला लागला होता. अब्बांचा चेहरा खुलला असणार, मला दिसत नव्हता. थोड्या वेळाने बडे अब्बा पानं उलटत असल्याचा आवाज आला. पान मागे, पान पुढे. मी म्हणतच होते.

"ये किधर चली गई?"

"एकोणिसाव्या पाऱ्यात," आपा शांतपणे म्हणाल्या. "रोज जाते. वळण दिसत नाय तिला. आता तुमीच सांगा भाईसाब, अशी पाठवू का? उद्या सासरी रमजानात बायका ऐकायला बसल्या आणि ही अशी भलतीकडे गेली, तर नाव कोणाचं जाईल? तुमचं आणि माझं."

बडे अब्बांनी कुराण मिटलं, डोळ्यांना लावलं. "नहीं नहीं. पक्का करके ही."

"मंग तवर काय घरात कोंडून ठेवता? संध्याकाळी माझ्याकडे येईल. दिवसा कॉलेजात जाऊ दे. डोकं चालतं राहिलं पायजे, नायतर हे पण विसरेल."

बडे अब्बा विचार करून म्हणाले, "हौ, ये भी ठीक है." अब्बा जमिनीकडे बघत होते.

ते दोघं गेल्यावर मी रडायला लागले. "तुम्हाला माहीत होतं मी तिथे चुकते!"

"माहीत होतं."

"मग तेच का म्हणायला लावलं?"

"खोटं बोलले का मी? चुकतेस म्हणून चुकलीस." त्यांनी सूप ओढून मांडीवर घेतलं. "उद्यापासून नववा पारा रोज. एवढी गोड गोष्ट हाय, तिथे अशी घसरतेस म्हणजे काय? आणि कॉलेजचा फॉर्म भर जा. बाईंना घेऊन जा बरोबर."

अशी मी पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. तारापूरहून बोईसरला रिक्षा, बोईसरहून पालघरला एसटी. एसटीत खिडकीशी बसून मी ओठांतल्या ओठांत उजळणी करायची. अंतरं मला किलोमीटरमध्ये कळत नसत. कोळगावचं कलेक्टर ऑफिस येईपर्यंत अर्धा पारा व्हायचा. वाटेत ट्रॅक्टर आडवा आला तर जास्त. मुरब्याची एक मासळीवाली बोईसरला माझ्याबरोबर चढायची, टोपली पायाशी ठेवायची. एक दिवस म्हणाली, "काय गो पुटपुटतेस? परीक्षा हाय का?"

"हो मावशी."

"मंग मोठ्याने म्हण की. आमी पण ऐकतो, वाट कटते."

मी नाही म्हटलं मोठ्याने, लाजले. पण तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, तिने पुन्हा म्हटलं तेव्हा थोडंसं म्हणून दाखवलं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि टोपलीवरचं फडकं नीट केलं. आपांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तिला जागा मिळाली होती ना बसायला?"

या वर्षांत बडे अब्बांचे फोन येत राहिले. अब्बा दर वेळी उभे राहून सांगायचे, "अभी पक्का नहीं हुआ, भाईजान." त्या घरच्यांनी वाट बघून मुलाचं दुसरीकडे जमवलं. पण बडे अब्बांच्या मनात आणखी एक स्थळ तयार होतं, त्यांनाही हाफिजाच हवी होती. नवव्या पाऱ्यातलं ते वळण मला आता झोपेतही दिसत होतं. एकोणतिसाव्याचं शेवटचं पान मात्र तसंच होतं. मला ते केव्हाच पाठ झालं होतं, पण आपा ऐकत नव्हत्या, आणि त्यांनी ऐकल्याशिवाय ते झालं असं होत नाही.

बी.एस्सी.चा निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास झाले. मोबाइल घेऊन आपांकडे धावले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून माझे विषय एकेक वाचले, भूगोल नाही म्हणून नाराजी दाखवली, आणि म्हणाल्या, "उद्या अब्बांना घेऊन ये. दुसरी पाळी हाय ना त्यांची? कामावर जायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी अब्बा डबा हातात घेऊन ओट्यावर बसले. त्या दिवशी आपांच्या मांडीवर काही नव्हतं. हात मांडीवर नुसते ठेवलेले. "म्हण," त्या म्हणाल्या. "शेवटचा सबक."

मी म्हटलं. छोट्या छोट्या आयती, म्हणजे कुराणातल्या ओळी, शेवटचं पान.   आपांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग अब्बांकडे वळल्या.

"भाई, आता माझ्याकडे काय उरलं नाय. इतके दिवस भाईसाबना मी थांबवून धरलं."

"मालूम है, आपा."

"मालूम होतं?"

"घर में पढ़ती थी तो सुनता था मैं. दो साल से सब पक्का है इसका." अब्बा डब्याच्या कडीशी चाळा करत होते. "मैं भी फोन पे वही बोलता था, जो आप बोलते थे."

आपा सरळ होऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मंग आता तुमी बोला. पूरा झाला म्हणून सांगा, आणि पुढचं पण सांगा. माझ्या आडून नका बोलू."

"आपा, भाईजान को मैं..."

"आताच. इथेच."

अब्बांनी डबा खाली ठेवला. सवयीने उठून उभे राहिले आणि फोन लावला. आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "भाईजान, मुबारक हो. बच्ची का हिफ्ज पूरा हुआ."  पलीकडे आधी अल्लाचे आभार, मग घरातल्या सगळ्यांना हाका, मग रडू. बडे अब्बांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंतर आवाज सावरून ते म्हणाले, "तो अब उन लोगों को हां बोल दूं?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. फोनवर हात न ठेवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला विचारलं, "तू क्या बोलती?"

"मला एम.एस्सी. करायचंय," मी म्हटलं.

"भाईजान, बच्ची आगे पढ़ना चाहती," अब्बा फोनवर म्हणाले. "अभी रिश्ता नहीं देखते. जब वो बोलेगी तब."

 ओट्याखाली कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"ये तू बोल रहा," बडे अब्बांनी विचारलं, "या वो आपा बोल रहे?"

अब्बांनी बाहीने कपाळ पुसलं. "मैं बोल रहा, भाईजान."

 मग बडे अब्बा हळूच म्हणाले, "ठीक है. तू बोल रहा, तो ठीक है."

फोन बंद झाला. अब्बा आहेत तिथेच, पायरीवर खाली बसले. कुराण पूर्ण झालं की तिथे थांबायचं नसतं, त्याच बैठकीत पुन्हा पहिल्यापासून थोडं म्हणायचं, अशी रीत आहे. आपांनी मला खूण केली. मी पहिली सूरा सुरू केली. कोपऱ्यावर अब्बांच्या कंपनीची बस येऊन थांबली, तिने दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. अब्बा उठले नाहीत.